आभासी जगातला तास

शाळेत ‘व्हीआर लॅब’, म्हणजे आभासी वास्तवाची प्रयोगशाळा, सुरू होत असल्याचं पालकसभेत जाहीर झालं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “यानं मुलांना खरंच जास्त कळतं, की नुसती मजा येते?” त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो : “डोळ्यांना काही होणार नाही ना?” आणि मग तिसरा : “एवढ्या मुलांना ते पुरणार कसं?”

तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींना बऱ्यापैकी ठोस उत्तरं आहेत. मजा येते, याबद्दल वाद नाही. कळतं का, हे मात्र दोन गोष्टींवर ठरतं : धडा कोणता आहे, आणि हेडसेट घालण्याआधी व काढल्यानंतर वर्गात काय घडतं. ही दुसरी गोष्ट खरेदीच्या उत्साहात मागे पडते आणि महागडी यंत्रं वर्षभरात कपाटात जातात. म्हणून आधी हे यंत्र डोळ्यांना कसं चकवतं ते पाहू, मग ते शाळेत कसं आलं, प्रयोगांतून काय हाती लागलं, आणि त्यानंतर एक अख्खा तास आखून पाहू.

१. एक बोट, दोन चित्रं

तर्जनी नाकासमोर वीतभर अंतरावर उभी धरावी. डावा डोळा मिटून उजव्याने बोटाकडे बघावं, मग उजवा मिटून डाव्याने. बोट मागच्या भिंतीवर एकदा इकडे, एकदा तिकडे सरकल्यासारखं दिसतं. बोट जागचं हललेलं नसतं. बदललेली असते ती पाहण्याची जागा. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण ६.३ सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला जगाचं किंचित वेगळं चित्र मिळतं. आता हात लांब करून तोच प्रयोग केला, तर बोट कमी सरकतं. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. या फरकावरून मेंदू अंतर ताडतो आणि दोन सपाट चित्रांमधून खोली असलेलं एक दृश्य उभं करतो.

चार्ल्स व्हीटस्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे मांडलं. त्यासाठी त्याने दोन आरशांचं एक उपकरण बनवलं होतं. डाव्या डोळ्याला एक रेखाचित्र, उजव्याला थोड्या वेगळ्या कोनातून काढलेलं दुसरं. दोन्ही एकदम पाहिली की कागदावरच्या रेघांमधून घन ठोकळा पुढे येत असे. छायाचित्रणाची कला जगापुढे जाहीर झाली ती त्याच्या पुढच्या वर्षी. पुढे डेव्हिड ब्रूस्टरने भिंगं वापरून हे उपकरण सुटसुटीत केलं, आणि १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात ‘स्टिरिओस्कोप’ लोकांच्या हाती आला.

पुढे शाळेनेही तो उचलला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली कीस्टोन व्ह्यू कंपनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळांसाठी जोडचित्रांचा ६०० कार्डांचा संच विकत असे. या संचासोबत शिक्षकांसाठी मार्गदर्शक पुस्तक होतं. कोणतं चित्र कोणत्या विषयात, कशासाठी दाखवायचं, हे त्यात नोंदवलेलं असे. चित्र कितीही जिवंत असलं तरी धडा शिक्षकालाच बांधावा लागतो, हे त्या काळीही व्यापाऱ्यांना ठाऊक होतं.

२. मान वळली की जग वळतं

स्टिरिओस्कोपमध्ये खोली होती, पण मान वळवली तरी चित्र तेच राहायचं. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न आयव्हन सदरलंड या संगणकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये जाहीर केला. डोक्यावर बसणारं त्याचं यंत्र एवढं बोजड होतं की ते छताला टांगावं लागे. दिसायचे ते फक्त काही रेघांचे ठोकळे. पण पाहणारा बाजूला सरकला, की ठोकळ्याची दुसरी बाजू दिसायची.

आजच्या हेडसेटमध्ये तेच तत्त्व आहे. प्रत्येक डोळ्यासमोर एक छोटा पडदा किंवा एकाच पडद्याचा अर्धा भाग, मध्ये भिंग, आणि डोकं कुठे वळलं हे मोजणारे संवेदक. मान वळल्याची नोंद झाली, की संगणक नव्या कोनातलं चित्र काढतो. हे सगळं साधारण २० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आत व्हावं लागतं. उशीर झाला की डोळ्यांपुढचं जग मानेच्या मागून ओढल्यासारखं येतं आणि पोटात ढवळायला लागतं.

शाळेने खरेदी करताना एक फरक समजून घ्यायला हवा. काही हेडसेट फक्त मानेचं वळणं ओळखतात : वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. त्यात ३६० अंशांचे फोटो आणि व्हिडिओ पाहता येतात, पण पुढे पाऊल टाकलं तर समोरची वस्तू जवळ येत नाही. दुसऱ्या प्रकारचे हेडसेट चालणं, वाकणं आणि हातांची हालचालही ओळखतात. त्यात रेणू हातात धरून फिरवता येतो, यंत्राच्या खाली वाकून पाहता येतं. किल्ल्याचा परिसर किंवा प्रवाळबेट दाखवायला पहिला प्रकार पुरतो. काही हाताळायचं असेल तर दुसराच लागतो.

३. पुठ्ठ्याची पेटी वर्गात

२०१४ साली गूगलने आपल्या वार्षिक परिषदेत आलेल्यांना एक घडीचा पुठ्ठा दिला. तो दुमडून त्यात दोन भिंगं बसवायची आणि समोरच्या खाचेत स्वतःचा मोबाइल सरकवायचा, की व्हीआर चष्मा तयार. ‘गूगल कार्डबोर्ड’ या नावाने ही कल्पना जगभर पसरली. काही शे रुपयांच्या पुठ्ठ्यात खोली असलेलं जग दिसू लागल्यावर शाळांच्या आशा वाढल्या.

पुढच्याच वर्षी गूगलने ‘एक्स्पिडिशन्स’ हा शाळांसाठीचा उपक्रम आणला. त्याची रचना शिक्षकाला मध्यभागी ठेवणारी होती. शिक्षकाच्या हातात टॅब्लेट, मुलांच्या डोळ्यांवर पुठ्ठ्याचे चष्मे. शिक्षकाने टॅब्लेटवर एखाद्या जागेला बोट लावलं की प्रत्येक मुलाला आपल्या दृश्यात बाण दिसे आणि मुलं तिकडे वळत. कोण कुठे पाहतंय हे शिक्षकाला छोट्या हसऱ्या चेहऱ्यांच्या खुणांवरून कळे. वर्गाचं लक्ष एकाच ठिकाणी एकवटलं की मग तो पुढचं सांगायला लागे.

२०२१ च्या जूनअखेर गूगलने हे ॲप बंद केलं. बऱ्याचशा सहली कंपनीच्या कला आणि संस्कृतीच्या संकेतस्थळावर हलवल्या गेल्या, पण शिक्षकाच्या हातातली ती सूत्रं गेली. ज्या शाळांनी आपले तास त्या एका ॲपभोवती बांधले होते, त्यांना ते पुन्हा आखावे लागले. शाळेची वर्षं दहा-वीस असतात, ॲपची पाच-सहा. म्हणून खरेदीच्या वेळी विचारायचा प्रश्न असा : ही कंपनी उद्या बंद झाली तर आपल्या हातात काय उरेल? स्वतः काढलेले फोटो, स्वतः लिहिलेल्या प्रश्नावल्या आणि कुठल्याही यंत्रावर उघडणाऱ्या फाइली उरतात. बाकीचं भाड्याचं असतं.

४. पुस्तकाच्या पानात न मावणारं

काही गोष्टी मुळातच त्रिमितीय असतात, आणि पुस्तकाचं पान सपाट असतं. विजेच्या भाराभोवतालचं क्षेत्र घ्या. पुस्तकात एका ठिपक्यातून बाहेर जाणारे बाण काढलेले असतात. विद्यार्थ्याची समजूत होते की क्षेत्र कागदाच्या पातळीतच आहे.

१९९०च्या दशकात अमेरिकेत क्रिस डीडी, मेरिलिन सॉल्झमन आणि बोवेन लॉफ्टिन यांच्या गटाने यावर ‘मॅक्सवेलवर्ल्ड’ नावाचं आभासी जग तयार केलं. विद्यार्थी एका घनाकृती जागेत हातातल्या खुणेने धन आणि ऋण भार ठेवत. भार ठेवला की चहूबाजूंना क्षेत्ररेषा उमटत, आणि एक चाचणी-भार हातात धरून फिरवला की त्यावर कुठल्या दिशेला जोर येतोय ते दिसे. हेच धडे सपाट पडद्यावर शिकलेल्या विद्यार्थ्यांशी तुलना केली, तेव्हा क्षेत्राची त्रिमितीय समज मॅक्सवेलवर्ल्डच्या गटात जास्त चांगली निघाली. त्याच गटाच्या ‘न्यूटनवर्ल्ड’मध्ये विद्यार्थी एका चेंडूवर स्वार होत आणि दुसऱ्या चेंडूशी होणारी टक्कर आतून अनुभवत. घर्षण आणि गुरुत्व दोन्ही काढून टाकलेल्या त्या जगात न्यूटनचा पहिला नियम डोळ्यांपुढे घडत असे. शाळेच्या प्रयोगशाळेत हे कधीच दाखवता येत नाही, कारण तिथे घर्षण असतंच.

इतिहासातही अशा जागा आहेत. ॲम्स्टरडॅममधल्या ज्या घराच्या मागच्या भागात ॲन फ्रँकचं कुटुंब लपून राहिलं, तिथल्या खोल्या संग्रहालयात रिकाम्या ठेवलेल्या आहेत. तशी तिचे वडील ऑटो फ्रँक यांची इच्छा होती. जिने अरुंद आणि उभे असल्याने चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला वर जाता येत नाही. २०१८ मध्ये संग्रहालयाने त्या खोल्यांचं व्हीआर रूप आणलं आणि त्यात सामान लावून दाखवलं. त्यामुळे खऱ्या खोल्यांचं रिकामेपण जपूनही, आठ माणसं किती दाटीने राहत होती हे दुसऱ्या देशातल्या वर्गाला पाहता येतं.

पण मग प्रत्येक धडा व्हीआरमध्ये आणायचा का? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात या विषयाची प्रयोगशाळा चालवणारे जेरेमी बेलन्सन यांनी त्यासाठी चार कसोट्या सुचवल्या आहेत. प्रत्यक्षात करायला धोक्याचं, मुळात अशक्य, केल्यास नुकसान करणारं, किंवा फार महाग वा दुर्मीळ असेल, तरच ते व्हीआरमध्ये करावं. आगीतून बाहेर पडण्याचा सराव धोक्याचा आहे. पेशीच्या आत शिरणं अशक्य आहे. प्रवाळ पाहायला शेकडो मुलांनी समुद्रात उतरणं प्रवाळाचंच नुकसान करतं. अंतराळ स्थानकाची सफर महाग आहे. याउलट शाळेच्या आवारातल्या वडाची पानं मोजायला हेडसेट लागत नाही. तिथे दोन पावलं बाहेर जाणं जास्त शिकवून जातं.

बेलन्सन यांच्याच प्रयोगशाळेने समुद्राच्या आम्लीकरणावर एक धडा केला. हवेतल्या वाढत्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग समुद्र शोषून घेतो, त्यातून आम्ल तयार होतं आणि शिंपले-प्रवाळांना कवच बांधणं जड जातं. औद्योगिक क्रांतीनंतर समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकड्यात हा फरक क्षुल्लक वाटतो, पण सामूची मोजपट्टी अशी आहे की एवढ्याने आम्लता जवळपास ३० टक्के वाढते. या धड्यात पाहणारा मोटारीच्या धुरातून निघालेल्या रेणूचा माग काढत समुद्रापर्यंत जातो, आणि इटलीतल्या इस्किया बेटाजवळच्या, निसर्गतः बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे जास्त आम्लधर्मी झालेल्या पाण्यातलं जीवन पाहतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांचं ज्ञान वाढलेलं आढळलं. जे त्या जागेत जास्त हिंडले-फिरले, त्यांच्यात ती वाढ जास्त होती.

५. रक्तवाहिनीतली सफर

आता दुसरी बाजू. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोसलिन परोंग आणि रिचर्ड मायर यांनी २०१८ मध्ये एक साधा पण नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने हेडसेट घालून रक्तप्रवाहातून पेशीच्या आत जाणारी सफर केली. तांबड्या पेशी अंगावरून जात होत्या, निवेदक माहिती सांगत होता. दुसऱ्या गटाला त्याच सफरीतली स्थिरचित्रं आणि तोच मजकूर साध्या स्लाइडवर मिळाला. स्लाइड पुढे सरकवणं त्यांच्या हातात होतं.

विचारल्यावर व्हीआरच्या गटाने जास्त रस, जास्त गुंतणं, जास्त उत्साह नोंदवला. चाचणीत मात्र स्लाइडवाल्या गटाने जास्त गुण मिळवले.

हे का व्हावं? शिकताना माणूस नव्या गोष्टी आधी ज्या स्मृतीत धरतो तिला ‘कार्यकारी स्मृती’ म्हणतात, आणि तिच्यात फार कमी जागा असते. ती स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी असते. कोठीत धान्याची पोती असली तरी ओट्यावर एका वेळी चार-पाच भांडीच मावतात. अंगावरून जाणाऱ्या पेशी, चारही बाजूंचे रंग, आवाज आणि ‘मागे काय आहे?’ हे कुतूहल यांनीच ओटा भरून गेला, की शब्दांना जागा उरत नाही. निवेदक पुढे गेलेला असतो आणि ‘जरा थांबा’ म्हणायची सोय नसते. स्लाइड वाचणारा मात्र थांबतो, मागे जातो, पुन्हा वाचतो.

डेन्मार्कमधल्या कोपनहेगन विद्यापीठातल्या गीडो मक्रान्स्की आणि सहकाऱ्यांचा २०१९ मधला अभ्यास याच दिशेचा आहे. ५२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी आभासी प्रयोगशाळेतला जीवशास्त्राचा धडा साध्या पडद्यावर आणि हेडसेटमध्ये असा दोन प्रकारे केला. डोक्याला लावलेल्या संवेदकांनी मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. हेडसेटमध्ये आपण तिथेच असल्याची भावना जास्त होती, मेंदूवरचा ताणही जास्त होता, आणि शिकणं कमी होतं.

परोंग आणि मायर यांच्या दुसऱ्या प्रयोगाकडे मात्र शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावं. त्यांनी तीच सफर तुकड्यांत विभागली. प्रत्येक तुकडा संपल्यावर हेडसेट काढायचा आणि जे पाहिलं त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहायचा. हा गट सलग सफर करणाऱ्यांपेक्षा जास्त शिकला, आणि त्याचा रस कमी झाला नाही. दृश्य तेच होतं. मधल्या लिहिण्याने फरक पाडला.

हाताचं कौशल्य शिकायचं असेल तर चित्र आणखी वेगळं आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया शिकणाऱ्या १६ डॉक्टरांपैकी निम्म्यांनी आभासी यंत्रावर सराव केला, मग सगळ्यांनी दुर्बिणीतून पित्ताशयाची खरी शस्त्रक्रिया केली. सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचं काम २९ टक्के जास्त वेगाने केलं आणि त्यांच्या हातून चुका कितीतरी कमी झाल्या. तिथे डोक्यावर हेडसेट नव्हताच; समोर पडदा होता आणि हातात खऱ्यासारखी अवजारं होती. जी हालचाल शिकायची, तीच हालचाल सरावात होती, हे त्याचं बळ.

६. लोणारचा तास

हे सगळं वर्गात कसं उतरवायचं, ते एका उदाहरणावरून पाहू. विषय भूगोल, वर्ग नववीचा, ठिकाण बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर. कुणा शिक्षकाने किंवा पर्यटकाने काठावरून आणि आतून काढलेले ३६० अंशांचे चार-पाच फोटो एवढंच साहित्य.

पहिली पायरी हेडसेटच्या आधीची. मुलांना सांगायचं : हे विवर साधारण १.८ किलोमीटर रुंद आणि काठापासून सुमारे १५० मीटर खोल आहे. मनात जसं येईल तसं त्याचं उभं छेदचित्र वहीत काढा. बहुतेक वह्यांत खोल वाटी उमटते, कारण पाठ्यपुस्तकांतली छेदचित्रं उंची वाढवूनच काढलेली असतात. मग दोन प्रश्न फळ्यावर लिहायचे. काठ आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीत आहे की तिच्यापेक्षा उंच? काठाच्या उतारावरचे खडकांचे थर आडवे आहेत की कललेले?

दुसरी पायरी पाच मिनिटांची. हेडसेट घालून काठावर उभं राहायचं, एक पूर्ण फेरी मारायची, मग फळ्यावरच्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधायची. निवेदन नाही, संगीत नाही. शोधायचं काय ते आधी ठरलेलं असल्याने नजर भरकटत नाही.

तिसरी पायरी वहीची. आता छेदचित्र प्रमाणात काढायचं. १०० मीटरला १ सेंटिमीटर धरलं तर रुंदी १८ सेंटिमीटर आणि खोली फक्त दीड सेंटिमीटर येते. आधीची वाटी आणि आताची ही पसरट रेघ शेजारी ठेवली, की फोटोत समोरचा काठ इतका लांब का वाटला याचा उलगडा होतो. सांगून हे पटत नाही. काठावर उभं राहून पाहिल्यावर आणि मग पट्टी लावल्यावर पटतं.

चौथी पायरी चर्चेची, आणि सर्वांत जास्त वेळ तिला. हे विवर ज्वालामुखीचं की उल्केचं, यावर अनेक वर्षं वाद होता. भोवतालच्या सपाट जमिनीहून वर उचललेला काठ आणि बाहेरच्या बाजूला कललेले थर मुलांनी स्वतः पाहिलेले असतात. त्यावर शिक्षक पुढचा पुरावा ठेवतात : १९७०च्या दशकात इथल्या खडकात ‘मॅस्केलिनाइट’ ही काच सापडली. प्रचंड धक्क्याच्या दाबाने खडकातलं एक खनिज न वितळता काचेत बदलतं, तेव्हा ती बनते. ज्वालामुखीतून असा दाब येत नाही. कुठला पुरावा डोळ्यांनी दिसला आणि कुठल्यासाठी सूक्ष्मदर्शक लागला, अशी दोन रकान्यांची यादी मुलं करतात. इथे व्हीआरची मर्यादाही त्यांना आपसूक कळते.

७. गरगर, डोळे आणि वय

आतल्या कानात तोल सांभाळणारं इंद्रिय असतं. व्हीआरमध्ये डोळे सांगतात ‘आपण पुढे चाललो’, आणि कान सांगतो ‘आपण खुर्चीत बसलोय’. या भांडणातून मळमळ आणि गरगर होते. घाटात बसमध्ये पुस्तक वाचताना याच्या उलट होतं : शरीर हलतं, डोळ्यांपुढचं पान स्थिर असतं. म्हणून वर्गात ज्या दृश्यात पाहणारा स्थिर उभा आहे आणि स्वतः मान वळवतो, अशीच दृश्यं निवडावीत. आगगाडी, झोके, उड्डाणं टाळावीत. मुलांना बसवून दाखवावं, पाच-सात मिनिटांवर जाऊ नये, आणि कुणाला अस्वस्थ वाटलं तर डोळे मिटून हेडसेट काढण्याची मुभा आधीच द्यावी.

डोळ्यांचा दुसरा मुद्दा असा. खऱ्या जगात जवळची वस्तू पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि भिंगही जवळचं पाहण्यासाठी आकार बदलतं. हेडसेटमध्ये भिंगाला मात्र एकाच ठरावीक अंतरावर पाहावं लागतं, आभासी वस्तू नाकाजवळ आली तरी. हा विसंवाद डोळे शिणवतो. शिवाय मुलांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोठ्यांपेक्षा कमी असतं, आणि बरेच हेडसेट मोठ्यांच्या मापाने बनतात. सोनीने आपल्या हेडसेटसाठी किमान वय १२ ठेवलं. मेटाने आधी १३ ठेवलं होतं, २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली ते १० वर आणलं. प्राथमिक वर्गांना हेडसेट न देणं हाच शहाणपणा आहे. फिट्स येणाऱ्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा.

तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. हेडसेट डोक्याची आणि हातांची हालचाल सतत टिपतो. स्टॅनफर्डमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पाच मिनिटांहून कमी हालचालींच्या नोंदीवरून संगणकाने ५११ माणसांमधून नेमकी व्यक्ती ९५ टक्के अचूकतेने ओळखली. नाव न लिहिताही मूल ओळखता येतं, असा याचा अर्थ. म्हणून हेडसेट मुलांच्या नावाने न उघडता शाळेच्या एका सामायिक खात्यावर चालवावेत, आणि नोंदी कुठे साठतात हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.

८. चाळीस मुलं, दहा हेडसेट

आता पुरवठ्याचं गणित. वर्गात ४० मुलं आणि शाळेकडे १० हेडसेट आहेत, म्हणजे चार गट. प्रत्येक गटाला पाहायला ५ मिनिटं, आणि पट्टे बसवणं, भिंगं पुसणं, चष्मेवाल्यांची सोय बघणं यात ३ मिनिटं. एका गटाला ८, चार गटांना ३२ मिनिटं. तास ३५ मिनिटांचा असेल, तर वहीला आणि चर्चेला ३ मिनिटं उरतात. आधीच्या प्रयोगांवरून हे उघड आहे की अशा तासात मजा होईल आणि शिकणं निसटेल.

दोन तास जोडून घेतले तर ७० मिनिटं मिळतात. पहिली १५ अंदाजाच्या चित्राला आणि प्रश्नांना. मधली ३२ फेऱ्यांना; त्या वेळात हेडसेट नसलेले तीन गट नकाशा वाचतात, खडकाचे तुकडे भिंगातून बघतात, प्रमाणबद्ध चित्र काढतात. शेवटची २० चर्चेला. तीन मिनिटं हाताशी राहतात. असा जोडतास एका विषयात महिन्याला एकदा जमला तरी पुष्कळ झालं, आणि त्यासाठी चाळीस हेडसेट घ्यावे लागत नाहीत.

९. हेडसेट नसलेली शाळा

कोपनहेगनच्या अभ्यासातली एक गोष्ट ग्रामीण शाळांच्या फायद्याची आहे : तोच धडा साध्या पडद्यावर जास्त चांगला शिकला गेला. संगणकावरची आभासी प्रयोगशाळा म्हणजे हेडसेटची गरिबांसाठीची आवृत्ती, असं समजायचं कारण नाही. अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईचं सी-डॅक यांनी मिळून उभारलेल्या ‘ओलॅब्ज’ या संकेतस्थळावर शालेय प्रात्यक्षिकं पडद्यावर करता येतात, आणि त्यातली काही मराठीतही आहेत. आम्ल कमी-जास्त ओतून पाहणं, चुकलं तर पुन्हा सुरुवातीपासून करणं, हे तिथे विनाखर्च होतं. खरी परीक्षानळी हातात येण्याआधीची ती चांगली तालीम आहे.

३६० अंशांचा फोटो प्रोजेक्टरवर टाकून माऊसने फिरवला, तर एकाच वेळी चाळीस मुलं तो पाहतात आणि एकमेकांशी बोलतात. खोलीचा भास जातो, पण ‘तिकडे बघा, तो थर कललाय’ असं एकाने म्हटलं की सगळ्यांना तेच दिसत असतं. हेडसेटच्या आत प्रत्येक मूल एकटं असतं.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक व्हीआर धड्यांचं निवेदन इंग्रजीत असतं. मराठी माध्यमाच्या वर्गात ते तसंच चालवलं, तर दृश्याचा भार, भाषेचा भार आणि विषयाचा भार एकदम पडतो. यावर वर्गात करता येण्याजोगा उपाय सोपा आहे. आवाज बंद ठेवावा, दृश्याचे दोन-दोन मिनिटांचे तुकडे करावेत, आणि प्रत्येक तुकड्यानंतर मुलांनी आपण काय पाहिलं ते तीन ओळींत मराठीत लिहावं. त्या तीन ओळी वाचून शिक्षकाने पुढचा तुकडा लावायचा, की मागचाच पुन्हा दाखवायचा, हे ठरवावं.